चार पॉइंट

शालनच्या पाठीवर डॉक्टर कुटिन्होंनी
चौकोन चिकटवले, तीन ओळींत दहा-दहा,
कडेनं मार्करनं आकडे घातले
आणि म्हणाल्या, दोन दिवस पाठीला पाणी नको.
घामही येऊ देऊ नका.
मे महिना होता. परळ नाक्यावर डांबर चपलेला चिकटत होतं.
शालन म्हणाली, श्वास घेतलेला चालेल ना?

आठ महिने झाले होते हातांना.
आधी अंगठीखाली खाज. अंगठी डब्यात गेली.
मग बेचक्यांत, मग नखांच्या मुळाशी भेगा,
कणीक मळताना मीठ शोधून काढायचं त्यांना.
कुणी म्हणालं उष्णता, कुणी म्हणालं चाळिशीनंतर होतंच बायकांना,
नलूवहिनींनी दृष्ट काढली.
वांगी बंद झाली, शेंगदाणे बंद झाले, आंबवलेलं बंद.
मी म्हणालो, भांडी घासताना मोजे घाल.
एवढंच म्हणालो.

बुधवारी पट्ट्या निघाल्या.
पाठ कोरी. फक्त सतरावा चौकोन
लाल, फुगीर.
डॉक्टरांनी नाव सांगितलं. शालनला ते उच्चारता येईना.
मला आलं.
मिथाइलआयसोथायझोलिनोन.
दोघी माझ्याकडे बघायला लागल्या.

चोवीस वर्षं मी मरोळच्या प्रेसमध्ये लेबलांची जुळणी करतो.
भांड्यांचा साबण, फरशीचं पाणी, शाम्पू, बाळाचे ओले रुमाल.
पुढे 'कोमल हातांसाठी', छत्तीस पॉइंट, गुलाबी,
शेजारी लिंबाच्या फोडीवर एक थेंब.
तो थेंब जमेपर्यंत तीन प्रूफं गेली होती.
मागे, शेवटून दुसऱ्या ओळीत, हे नाव.
चार पॉइंट, करड्यावर पांढरं.
बुरशी धरू नये म्हणून घालतात.
बाटलीतलं पाणी दोन वर्षं टिकतं त्यानं.
ओळीत मावत नाही म्हणून किती वेळा तोडलंय मी ते,
आयसो वर, थायझो खाली,
मधे छोटी रेघ.

तेरा अक्षरं. बसमध्ये मोजली.
आई तेरा अक्षरांचा जप करायची,
माळ नव्हती तिच्याकडे, बोटांच्या पेरांवर मोजायची.
शालन खिडकीशी बसली होती, पेरं पदरात झाकून.

रात्री मोरीतल्या बाटल्या जमिनीवर मांडल्या.
ऋजुतानं फोनचा टॉर्च धरला,
मी प्रेसचं भिंग लावून वाचत गेलो.
यात आहे. यात आहे. यात नाही. यात आहे.
पानाफुलांचं चित्र असलेल्यातही होतं,
ती पानं मीच हिरवी केली होती.
भिंतीच्या रंगातही असतं, डॉक्टर म्हणाल्या होत्या.
गणपतीआधी सोसायटीनं जिना रंगवला
तेव्हा शालनचे डोळे सुजले होते,
आणि आम्ही मोदकांच्या वाफेला बोल लावला.

शालन काही बोलली नाही.
बाटल्या पिशवीत भरल्या, परत बाहेर काढल्या,
म्हणाली, अर्ध्या भरलेल्या आहेत, खालच्या यमुनेला देऊ?
मग स्वतःच म्हणाली, नको.
तिलाही हात आहेत.

जूनमध्ये कंपनीचा माणूस आला.
'एकावर एक मोफत'चा तारा मोठा हवा,
मागचा मजकूर साडेतीनवर आणा.
मी म्हणालो, साडेतीनला शाई भरते, अक्षरं मिटतात.
मिटू देत, तो म्हणाला. वाचतंय कोण?
मी साडेतीनवर आणला.
घरी हे सांगितलेलं नाही.

भिंग आता प्रेसमध्ये नसतं.
शालनच्या पर्समध्ये असतं, रुमालात गुंडाळलेलं.
मराठी शाळेत शिकलेली ती,
दुकानात कडेला उभी राहून इंग्रजी जोडत जाते,
एम, ई, टी, एच.
मागचे खोळंबतात. दुकानदार म्हणतो,
ताई, तारीख पुढची आहे, घ्या बिनधास्त.
ती मान वर करत नाही.
ओळ संपते तिथं, त्या छोट्या रेघेवर
तिचं बोट थांबतं,
खालची ओळ सापडेपर्यंत.